अडीच वाजण्याआधी

उज्जैनच्या रामघाटावर संध्याकाळी क्षिप्रेची आरती होते. दिवे पाण्यावर डुलत असतात. त्याच पायऱ्यांवर सकाळी कुणीतरी आपल्या माणसाच्या नावाने पाणी सोडून गेलेले असते. रामाने इथे दशरथाचे तर्पण केले, म्हणून हा रामघाट, अशी श्रद्धा आहे. हे गाव मराठी माणसाला परके नाही. इथून हाकेच्या अंतरावरचे महाकालेश्वराचे देऊळ अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी पुन्हा उभे केले. आजही कितीतरी मराठी कुटुंबे पितरांसाठी या पायऱ्या उतरतात.

मुलाने बापाला पाणी द्यायचे, हा जगाचा क्रम. ज्या दशरथाला रामाने इथे पाणी दिले, त्यानेच तरुणपणी एका घरचा हा क्रम उलटा केला होता. पावसाळ्याची रात्र, शरयूचा काठ, घडा भरल्याचा बुडबुड आवाज. हत्ती पाण्यावर आला असे समजून त्याने न बघता, नुसत्या आवाजावर बाण सोडला. बाण लागला तो आंधळ्या आईबापांच्या एकुलत्या मुलाला, श्रावणाला. त्यानंतर दशरथाने जे केले ते फार थोडे लोक करतात. तो पळाला नाही. तोच घडा भरून घेतला, त्या म्हाताऱ्यांपुढे जाऊन उभा राहिला आणि तुमचा मुलगा माझ्या हातून गेला असे सांगितले. शाप ऐकून घेतला. पुढे मरणाच्या दारात त्याला तीच रात्र आठवली.

दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याला न्याय्य शिक्षा कोणती आणि त्या शिक्षेत मनाच्या आजाराला जागा कुठे, हे विचारताना मला ही गोष्ट हवी आहे. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात एका आलिशान मोटारीखाली दोन तरुण अभियंते गेले. दोघे चोवीस वर्षांचे. दोघेही मध्य प्रदेशातले, म्हणजे हा घाट ज्या राज्यात आहे तिथलेच. त्यांच्या घरी पाणी देण्याचा क्रम उलटा झाला.

ती रात्र सगळ्या देशाने पाहिली, पण पाहिली ती अडीच वाजल्यापासून पुढे. मला ती मागून मोजायची आहे, कारण दोष अडीच वाजता सुरू झालेला नाही. या प्रकरणातले आरोप न्यायालयात तपासले जायचे आहेत. गाडी चालवल्याचा आरोप असलेला मुलगा अल्पवयीन होता, त्याची ओळख उघड करण्यास कायद्याची मनाई आहे आणि इथे तिची गरजही नाही.

शनिवार, १८ मे २०२४, दिवसभर
बाकी : बारा तासांहून अधिक

मोटार दारात उभी आहे. तिच्यावर नंबर नाही. विजेवर चालणारी असल्यामुळे तिला रस्ताकर माफ होता. नोंदणीचे शुल्क १,७५८ रुपये तेवढे भरायचे राहिले होते. कोट्यवधींची गाडी आणि तिची नोंदणी पावणेदोन हजारांवर अडलेली. नोंदणी नसलेली गाडी रस्त्यावर आणणे हाच गुन्हा असतो. त्या दिवशी कुठल्याही चौकात ती कुणी अडवली असती तर पुढचे काहीच घडले नसते.

मुलगा अठराला काही महिने कमी आहे, म्हणजे वाहन परवाना असण्याचा प्रश्नच नाही. बारावीचा निकाल लागला आहे. घरात आनंद आहे, आणि तो असायलाच हवा. पण अठराच्या आतल्या मुलाच्या हाती गाडी पडली की घरच्यांची जबाबदारी काय, हे मोटार वाहन कायद्याने २०१९ च्या दुरुस्तीत स्पष्ट लिहिले आहे. कलम १९९ अ म्हणते की अल्पवयीनाने वाहन चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जाईल, त्याला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि पंचवीस हजार रुपये दंड होईल, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होईल आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत परवाना मिळणार नाही. कलम कडक आहे. पण ते आठवते ते मृतदेह उचलल्यावर. सोसायटीच्या फाटकातून मिसरूड न फुटलेली मुले गाड्या काढताना आपण रोज पाहतो आणि ‘हात बसलाय त्याचा’ असे कौतुकाने म्हणतो.

रात्री १०.४०
बाकी : ३ तास ५० मिनिटे

पोलीस आयुक्त अमितेश कुमार यांनी नंतर दिलेल्या माहितीनुसार मुलगा आणि त्याचे मित्र या वेळी पहिल्या ठिकाणी पोचले. दीड तासात बिल झाले ४८ हजार रुपये. महाराष्ट्रात बिअरसाठी एकवीस आणि कडक दारूसाठी पंचवीस वर्षांची अट आहे. वयाचा दाखला मागणे हे दार उघडणाऱ्या माणसाचे काम, आणि त्याहून अधिक त्याच्या मालकाचे. तो मागितला गेला असता तर रात्र तिथेच संपली असती.

या उलट्या मोजणीतली सगळ्यात महत्त्वाची वेळ मला हीच वाटते. १०.४० ला मुलगा शुद्धीत आहे. दारू अजून पोटात गेलेली नाही. परत कसे जायचे, या प्रश्नाचे उत्तर आत्ता ठरवता येते. चावी कुणाच्या खिशात राहील, हे आत्ता ठरते. दोन वाजता तो ज्या डोक्याने निर्णय घेईल ते डोके त्याचे राहिलेले नसेल, हे आत्ता सगळ्यांना कळते.

आपला फौजदारी कायदाही याच तर्कावर उभा आहे. जुन्या दंडसंहितेच्या कलम ८५ ने आणि आता भारतीय न्याय संहितेच्या कलम २३ ने नशेचा बचाव फक्त त्यालाच दिला आहे, ज्याला ती नशा नकळत किंवा त्याच्या इच्छेविरुद्ध चढवली गेली. आपण होऊन प्यायलेल्या माणसाला ‘मला भान नव्हते’ असे म्हणून सुटता येत नाही. भान होते तेव्हा तू भान घालवायला निघाला होतास, असे कायदा त्याला सांगतो. अपराध अडीच वाजता दिसतो खरा, पण तो शुद्धीतल्या तासात घडलेला असतो.

रात्री १२.१०
बाकी : २ तास २० मिनिटे

पहिल्या ठिकाणी दारू देणे थांबले, म्हणून मंडळी दुसऱ्या ठिकाणी गेली. थांबायची दोन दारे होती. एक बंद झाले तेव्हा दुसरे उघडे मिळाले.

या वेळेपर्यंत शरीरात काय चालू असते ते समजून घ्यायला हवे. दारू पहिला हात घालते तो मेंदूच्या आवर घालणाऱ्या भागावर. पाय लटपटण्याच्या कितीतरी आधी ‘नको’ म्हणणारा आवाज गप्प होतो. म्हणून प्यायलेला माणूस अगदी मनापासून सांगतो की मी ठीक आहे. तो खोटे बोलत नसतो. आपण ठीक नाही हे ओळखायचे साधनच त्याच्याकडे उरलेले नसते. हे एकदा कळले की ‘ज्याने त्याने आपली मर्यादा ओळखावी’ हा उपदेश किती पोकळ आहे ते ध्यानात येते. मर्यादा ओळखायची ती दुसऱ्याने. मित्राने, वाढप्याने, मालकाने, गाडीत बसलेल्या चालकाने, नाक्यावरच्या शिपायाने.

आणि सतरा वर्षांच्या मुलाचा मेंदू तर मुळातच अर्ध्या वाटेवर असतो. परिणामांचा अंदाज बांधणारा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो. अल्पवयीनांसाठी वेगळा कायदा आहे तो याच कारणाने, आणि तो असलाच पाहिजे. पण हेच कारण त्याला चावी न देण्याचेही आहे. मूल लहान आहे हे चावी देताना विसरायचे आणि न्यायासनापुढे आठवायचे, हे दुटप्पी आहे.

रात्री २.००
बाकी : सुमारे अर्धा तास

गाडीत मित्र आहेत. कुटुंबाचा पगारी चालकही आहे. म्हणजे शुद्धीतला, चालवता येणारा, त्याच कामाचा पगार घेणारा माणूस गाडीतच बसला आहे आणि चाक मुलाच्या हातात आहे. पगार घेणाऱ्याने मालकाच्या मुलाला ‘उठ’ म्हणायला किती बळ लागते, हे चाकरी केलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. ते बळ त्याला घराने आधी द्यायला हवे होते. ‘आमचा मुलगा काहीही म्हणाला तरी चावी द्यायची नाही,’ हे एक वाक्य पुरेसे होते.

पहाटे सुमारे २.३०
बाकी : शून्य

पोलिसांच्या म्हणण्यानुसार गाडीचा वेग ताशी १६० किलोमीटरच्या आसपास होता. मित्रांबरोबरचे जेवण आटोपून ते दोघे मोटारसायकलवरून निघाले होते. मोटारीने त्यांना मागून उडवले. दोघेही गेले.

या तासावर मी अधिक लिहिणार नाही.

पहाटे २.३० ते ४.३०
शून्यानंतरचे दोन तास

लोकांनी मुलाला धरले, मारले, मग पोलिसांच्या हवाली केले. संताप खरा होता, पण मारहाण हा न्याय नव्हे. तिने मेलेल्यांना काही मिळत नाही, उलट खटल्यात आरोपीच्या हाती एक तक्रार पडते.

कायद्याच्या दृष्टीने मोलाचे असतात ते यापुढचे दोन तास. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०२ प्रमाणे, दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल अटक झाली तर दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे, नाहीतर त्या माणसाला कोठडीतून सोडावे लागते. कायदा करणाऱ्यांनी दोन तास लिहिले, कारण दारू हा असा पुरावा आहे जो शरीर स्वतःच हळूहळू पुसून टाकते.

हिशेब साधा आहे. माणसामाणसांत फरक पडतो, पण साधारणपणे १०० मिलिलीटर रक्तातले अल्कोहोल तासाला पंधरा मिलिग्रॅमच्या आसपास उतरते. कायद्याची मर्यादा आहे ३० मिलिग्रॅम. याच्याशेजारी मुंबईचे एक प्रकरण ठेवू या. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे वांद्र्याच्या कार्टर रोडवर अ‍ॅलिस्टर परेराची गाडी पदपथावर झोपलेल्या मजुरांवर चढली. सात जण मेले, आठ जखमी झाले. त्याच्या रक्तात ११२ मिलिग्रॅम अल्कोहोल मिळाले. सत्र न्यायालयाने सहा महिन्यांची शिक्षा दिली, उच्च न्यायालयाने ती वाढवून तीन वर्षे केली आणि जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. सात जिवांना तीन वर्षे कमीच, हे त्या न्यायालयालाही वाटले होते. पण ती तीन वर्षे टिकली, आणि ती टिकण्यात रक्ताच्या त्या आकड्याचा मोठा वाटा होता.

आता कल्पना करा की ११२ मिलिग्रॅम घेऊन एखादा माणूस पहाटे अडीचला पोलीस ठाण्यात येऊन बसला. सकाळी आठ वाजता त्याच्या रक्तात उरतील ३०. म्हणजे बरोबर मर्यादेच्या रेघेवर. दहा वाजता जवळजवळ काहीच नाही. त्याला लाच द्यावी लागणार नाही, खोटे बोलावे लागणार नाही. नुसते बसून राहिले तरी पुरे.

सकाळी ८ च्या सुमारास
शून्यानंतर साडेपाच तास

येरवडा पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवला गेला. सुरुवातीला कलम लागले ३०४ अ, म्हणजे हयगयीने मृत्यू. त्याला शिक्षा दोन वर्षांपर्यंत. सदोष मनुष्यवधाचे ३०४ कलम, ज्यात दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, ते पुढे जोडले गेले. घटना नियंत्रण कक्षाला वेळेवर कळवली नाही म्हणून ठाण्यातले दोन अधिकारी नंतर निलंबित झाले.

सकाळी ११
शून्यानंतर साडेआठ तास

आता कुठे ससून रुग्णालयात रक्त घेतले गेले. दोन तासांच्या जागी साडेआठ. आणि पोलिसांच्या आरोपानुसार तेही रक्त कचऱ्याच्या डब्यात गेले, नमुन्याच्या बाटलीत दुसऱ्याचे रक्त भरले गेले. संध्याकाळी औंधच्या रुग्णालयात दुसरा नमुना घेतला होता, त्याची डीएनए तपासणी झाली तेव्हा पहिले रक्त मुलाचे नसल्याचे उघड झाले. २७ मे रोजी ससूनच्या दोन डॉक्टरांना आणि एका कर्मचाऱ्याला अटक झाली. बदललेले रक्त मुलाच्या आईचे होते, असे तपासयंत्रणेचे म्हणणे आहे.

इथे मला दशरथाचा घडा आठवतो. अपघातानंतर घरातल्या मोठ्यांनी मुलाला काय शिकवायचे? आरोप खरे ठरले तर हा मुलगा शिकला ते असे, की रक्त बदलता येते, चाक चालकाच्या हाती होते असे म्हणता येते, पैसा घड्यातले पाणी ओतून टाकू शकतो. कुठल्याही तुरुंगापेक्षा हा धडा त्याच्या मनाची अधिक हानी करणारा आहे. मुलाच्या मानसिक आरोग्याची काळजी खरोखर वाहायची असेल तर पहिले औषध एकच आहे. जे झाले ते झाले म्हणायला त्याला शिकवा. दडपलेला अपराध माणसाला आतून कुरतडत राहतो. कबूल केलेला अपराध निदान सोसता येतो.

रविवार, १९ मे, दिवस मावळण्याआधी
शून्यानंतर पंधरा तासांच्या आत

बाल न्याय मंडळाच्या एका सदस्याने जामीन दिला. अटी होत्या : रस्ते अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध लिहावा, पंधरा दिवस वाहतूक पोलिसांबरोबर काम करावे, दारू सोडवणाऱ्या डॉक्टरकडे आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे.

निबंधावर देश भडकला. पण त्या संतापात एक अन्याय झाला. निबंधाबरोबर मानसोपचारही हास्यास्पद ठरला. ‘दोन जिवांना समुपदेशन’ असे लोक छद्मीपणे म्हणू लागले. आदेशातली ती अट मुळात चुकीची नव्हती. सतराव्या वर्षी इतकी दारू पिणाऱ्या मुलाला व्यसनाच्या डॉक्टरची गरज असतेच. चूक होती ती वेळेत आणि जागेत. चौकशी होण्याआधी, रक्ताचा अहवाल येण्याआधी, मुलाला कुणी नीट तपासण्याआधी हे सगळे उरकले गेले, आणि उपचार जबाबदारीच्या जागी बसवले गेले. त्यातून गरिबाच्या मनात ठसले ते असे, की तुरुंग आमच्यासाठी आणि मानसोपचार त्यांच्यासाठी.

पुढचे दिवस

२१ मे रोजी वडिलांना अटक झाली. २२ मे रोजी मंडळाने आदेश बदलून मुलाला निरीक्षणगृहात पाठवले. २५ जून रोजी मुंबई उच्च न्यायालयाने हे निरीक्षणगृहात ठेवणे बेकायदेशीर ठरवून त्याला सोडले आणि मानसशास्त्रज्ञाकडची सत्रे चालू ठेवायला सांगितली. सुनावणीत न्यायालयाने मुलाच्या मनावरही आघात झाला असणार असे म्हटले, तेव्हा पुन्हा टीका झाली. पण ते म्हणणे खरेच होते. मेलेल्यांच्या आईबापांचे दुःख त्याने तसूभर कमी होत नाही. पुढे राज्य सरकारने मंडळाच्या दोन सदस्यांना पदावरून दूर केले. मुलाला प्रौढ समजून खटला चालवावा ही पोलिसांची मागणी मंडळाने १५ जुलै २०२५ रोजी फेटाळली.

आजार आणि अपराध

पुण्यानेच याआधी या प्रश्नाची दुसरी बाजू पाहिली आहे. २५ जानेवारी २०१२ ला सकाळी एसटीचा चालक संतोष माने याने स्वारगेटहून बस पळवली आणि शहरातून मिळेल त्या दिशेने दामटली. नऊ जण मेले, सदतीस जखमी झाले. तो दारू प्यायलेला नव्हता. कामाच्या पाळीवरून त्याची कुरबुर झाली होती, आणि तो मानसिक आजारावर उपचार घेत होता असे बचाव पक्षाने मांडले. न्यायालयांनी वेडाचा बचाव मान्य केला नाही. दोनदा फाशी सुनावली गेली. अखेर जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती जन्मठेपेवर आणली. मला त्यात एक समतोल दिसतो. मनाची अवस्था अपराध पुसत नाही, पण शिक्षेची पायरी ठरवताना ती बाजूलाही टाकता येत नाही. आणि सगळ्यात टोचणारा प्रश्न त्या निकालाच्या बाहेरच राहतो. शेकडो जिवांची जबाबदारी ज्यांच्या हाती आहे त्या चालकांचे मन कुणी तपासते का?

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मानसिक आजाराच्या व्याख्येत दारू आणि मादक पदार्थांच्या गैरवापराशी जोडलेल्या मनोवस्थाही घेतल्या आहेत. म्हणजे एक कायदा सांगतो की व्यसन हा आजार आहे, आणि दुसरा सांगतो की आपण होऊन केलेली नशा हा बचाव नाही. लोकांना यात विसंगती वाटते. मला नाही वाटत. मधुमेह झाला यात रोग्याचा दोष नाही, पण साखर उतरून भोवळ येते हे माहीत असताना तो बस चालवायला बसला तर तो दोष त्याचाच. आजारासाठी दवाखाना, आणि आजार माहीत असून हाती घेतलेल्या चाकासाठी न्यायालय.

मात्र इथे समाजाचाही वाटा येतो. १०.४० चा तो शुद्धीतला तास व्यसनी माणसाला पूर्ण मोकळा नसतो. हात थरथरत असतात, मन खिन्न असते, झोप येत नसते, आणि प्यायलो की तासभर सगळे शांत होते. त्या शांततेमागून आणखी खोल उदासी येते, हे त्याला कुणी सांगितलेले नसते. केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. त्यानुसार देशात दारूमुळे मदतीची गरज असलेले लोक ५.७ कोटी, आणि दारूच्या विळख्यात सापडलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला काही ना काही उपचार मिळतो. उरलेल्या सदतीसांतले कितीतरी जण गाडी चालवतातच. त्यांना आपण भेटतो ते अपघातानंतर.

कल्याणीनगरच्या शेजारीच, येरवड्यात, डॉ. अनिल आणि डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ मध्ये मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी त्याला पहिले आर्थिक बळ दिले. व्यसनी माणूस वाईट नसतो, आजारी असतो, हे त्या जागेने महाराष्ट्राला शिकवले. पण तिथे त्याच वेळी हेही शिकवतात, की तुझ्या वागण्याची जबाबदारी तुझी आहे, बायकोला आणि मुलांना जे सोसावे लागले ते मान्य कर. माया आणि जबाबदारी एका छताखाली राहू शकतात, याचा पुरावा कल्याणीनगरच्या त्या चौकापासून फार लांब नव्हता.

मग न्याय्य शिक्षा कोणती

आज दारू पिऊन गाडी चालवताना पहिल्यांदा सापडलेल्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. दुसऱ्यांदा सापडला तर दोन वर्षांपर्यंत कैद, पंधरा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. कागदावर हे कमी नाही. प्रत्यक्षात बहुतेक जण दंड भरून घरी जातात आणि दुसऱ्या शनिवारी पुन्हा निघतात. ४८ हजारांचे बिल भरणाऱ्याला दहा हजार म्हणजे काय?

माझे म्हणणे असे आहे. पहिल्यांदा सापडला की परवाना त्याच दिवशी थांबावा आणि व्यसनाच्या डॉक्टरने तपासून लेखी दिल्याशिवाय तो परत मिळू नये. इथे उपचार हीच शिक्षेची अट असावी, कारण अजून कुणी मेलेले नाही आणि सुधारायला वेळ आहे. दुसऱ्यांदा सापडला तर तुरुंग, दिवस थोडे असले तरी चालतील, पण चुकता कामा नये. जीव गेला तर सदोष मनुष्यवधाचा खटला चालावा, मेलेल्यांच्या घराला भरपाई मिळावी, आणि कैदेतही व्यसनाचा उपचार चालू राहावा. अल्पवयीन असेल तर त्याला सुधारायची संधी द्यावी आणि चावी देणाऱ्या मोठ्यांना कलम १९९ अ पूर्णपणे लागावे. रक्त दोन तासांत घेतले नाही तर त्याचा जाब त्या ठाण्याला द्यावा लागावा. फाशी मागणाऱ्यांना मला एवढेच सांगायचे आहे, की दोन वाजता प्यायलेला माणूस शिक्षेचा आकडा आठवत नाही. त्याला आठवू शकतो तो फक्त १०.४० ला, आणि तेव्हा धाक वाटतो तो शिक्षेच्या लांबीचा नव्हे, ती होणारच या खात्रीचा.

उज्जैनलाही हा प्रश्न आहे. १ एप्रिल २०२५ पासून मध्य प्रदेश सरकारने उज्जैनसह १९ धार्मिक ठिकाणी दारूविक्री बंद केली. इथल्या काळभैरवाच्या देवळातला दारूचा नैवेद्य तेवढा चालू आहे. गावातली दुकाने हटली हे चांगलेच झाले. पण पिणारा आता हद्दीबाहेर जाईल आणि पिऊन, गाडी चालवत परत येईल. २०२८ च्या सिंहस्थात या गावाकडे येणाऱ्या रस्त्यांवर अपार गर्दी असेल. तेव्हा बंद दुकानांइतकीच गरज असेल ती हद्दीवर तपासणीची, आणि पिणे सुटत नसलेल्यांसाठी गावातच एका उघड्या दाराची.

रामघाटावर पाणी द्यायचे ते मुलांनी, आईबापांनी नव्हे. तो क्रम जपायचा असेल तर आज रात्री तुमच्या घरातून कुणी मेजवानीला निघाले की दारातच विचारा, परत कसा येणार? ठाम उत्तर मिळेपर्यंत चावी देऊ नका.